इंजिन माउंट घरी बदलायचंय? आधी कोणतं गेलंय ते शोधा

तुमचा प्रश्न मला असा समजला: नऊ वर्षं वापरलेली, पुढच्या चाकांवर चालणारी चार सिलिंडरची पेट्रोल ऑटोमॅटिक गाडी. ब्रेकवर पाय आणि गिअर डी (ड्राइव्ह) मध्ये असला की स्टिअरिंग आणि सीट थरथरतात, न्यूट्रलला टाकलं की बरंच शांत होतं. डी मधून आर (रिव्हर्स) मध्ये टाकताना खालून ‘धक्’ असा आवाज येतो. गॅरेजमध्ये सांगितलं की चारही फाउंडेशन, म्हणजे इंजिनाला बॉडीवर धरून ठेवणारी रबरी माउंट, गेलीत, सगळी बदला. तुमच्याकडे ट्रॉली जॅक आहे, गोट्यांचा (सॉकेटचा) सेट आहे, गाडीची बारीकसारीक कामं तुम्ही स्वतः करता. हे काम सुट्टीच्या दिवशी घरी होईल का, असं तुम्हाला विचारायचंय.

होईल, पण बहुधा चारही नाही. आणि तुमच्या वर्णनावरून चारही बदलायची गरज असेल असं मला वाटतही नाही. घरी जमेल का हा दुसरा प्रश्न झाला. पहिला प्रश्न असा की थरथर माउंटमुळेच आहे का, आणि असेल तर नेमक्या कोणत्या माउंटमुळे. हे न ठरवता सगळी रबरं बदलून थरथर तशीच घेऊन परत आलेल्या गाड्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. पुढचं बरंचसं तुमच्या गाडीच्या मांडणीवर अवलंबून आहे. इंजिन आडवं (गाडीच्या रुंदीत) बसवलंय की उभं (लांबीत), माउंट साधं रबराचं आहे की आत द्रव भरलेलं, मागचं माउंट हाताला येतं की सबफ्रेमच्या (इंजिनाखालच्या चौकटीच्या) आड दडलंय, यावर एक-दोन तासांचं काम दोन दिवसांचं होऊ शकतं. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक गाड्यांत इंजिन आडवं असतं, म्हणून तेच धरून सांगतो.

आडव्या इंजिनात साधारणपणे दोन माउंट वजन पेलतात. एक इंजिनाच्या टायमिंगच्या, म्हणजे टायमिंग बेल्ट किंवा चेनच्या, बाजूला, दुसरं गिअरबॉक्सच्या डोक्यावर. लहान गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून दीड-दोनशे किलो भरतात आणि ते सगळं मुख्यतः या दोघांवर टांगलेलं असतं. तिसरा असतो टॉर्क रॉड, खालच्या बाजूला, दोन्ही टोकांना रबरी बुश असलेला आखूड दांडा. काही गाड्यांत त्याच्या जागी पुढे आणि मागे अशी दोन माउंट असतात. तुम्हाला ‘चार’ सांगितली त्यावरून तुमच्या गाडीत ही मांडणी असण्याची शक्यता आहे. या तिसऱ्या-चौथ्याचं काम वजन उचलण्याचं नाही, इंजिनाची गिरकी रोखण्याचं आहे. इंजिन चाकं फिरवायला जितका जोर लावतं तितक्याच जोरानं ते स्वतः उलट्या दिशेला कलतं. तो कल रॉडचं रबर पेलतं.

आता तुमचं लक्षण याच्याशी लावून बघा. न्यूट्रलमध्ये चाकांकडे जोर जात नाही, त्यामुळे इंजिन सरळ उभं राहतं आणि रॉडवर जवळजवळ ताण नसतो. डी मध्ये ब्रेक दाबून उभे राहिलात की टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाचा जोर तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) चाकांना ढकलत राहतो, इंजिन एका बाजूला कलून राहतं आणि रॉडचं रबर दाबलं जातं. रबर धड असेल तर त्या दाबलेल्या अवस्थेतही त्यात मऊपणा उरतो. ते फाटलं असेल तर इंजिन थेट शेवटच्या थांब्यापर्यंत कलतं, तिथे मऊ असं काहीच उरत नाही, आणि इंजिनाचा प्रत्येक ठोका सरळ बॉडीत उतरतो. ७५० आरपीएमला चार सिलिंडरच्या इंजिनात सेकंदाला २५ ठोके पडतात, आणि तेच तुमच्या हाताला आणि पाठीला जाणवतात. डी मधून आर मध्ये जाताना इंजिनाचा कल उलटतो, म्हणजे ते एका थांब्यावरून सुटून दुसऱ्यावर आपटतं. तुमचा ‘धक्’ बहुधा हाच. म्हणून माझा पहिला संशय टॉर्क रॉडवर, किंवा तुमच्या मांडणीत पुढच्या-मागच्या जोडीवर आहे. दुसरा संशय टायमिंगच्या बाजूच्या माउंटवर.

पण संशय म्हणजे निदान नव्हे. सुटे भाग मागवण्याआधी बाकीची कारणं बाद करा, त्याला पैसा लागत नाही. इंजिन मिसिंग करत असेल, म्हणजे मधेच एखादा ठोका चुकत असेल, तर थरथर न्यूट्रलमध्येही राहते आणि तिची लय तुटक असते, मध्येच एक हिसका बसल्यासारखी. प्लग, इग्निशन कॉइल, इंजेक्टर यांचा दोष माउंटच्या नावावर सर्रास जातो. आयडल आरपीएम, म्हणजे रेस न देता इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं, तेही बघा. थ्रॉटल बॉडीत काजळी साचून डी मध्ये आरपीएम ठरलेल्या आकड्याच्या खाली जात असेल तर चांगल्या माउंटवरही गाडी थरथरते, कारण ठोके जितके संथ तितके ते रबराला गिळायला अवघड. तीन सिलिंडरच्या गाड्या आयडलला जरा जास्त हलतात त्याचं एक कारण हेच. ७५० आरपीएमला तिथे सेकंदाला जेमतेम १९ ठोके पडतात. हे वाचणाऱ्या कोणाची गाडी तशी असेल तर आधी त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीत बसून तुलना करावी. थोडी हालचाल तिथे मूळचीच असते.

थरथर गाडीच्या वेगाबरोबर वाढत असेल तर उभ्या गाडीत, न्यूट्रलमध्ये, तेवढेच आरपीएम ठेवून बघा. उभ्या गाडीत काहीच जाणवत नसेल तर दोष चाकं, टायर किंवा एक्सलकडे शोधायचा. फक्त जोर देताना थरथर आणि पाय काढला की बंद, असं असेल तर एक्सलचा आतला जॉइंट तपासा. आणि सायलेन्सरचा पाइप कुठे बॉडीला टेकतोय का, त्याची टांगणीची रबरं धड आहेत का, हे खाली वाकून पाहाच. पाइप एका जागी टेकला तरी आयडलला सगळी गाडी गुणगुणते, आणि लक्षण हुबेहूब गेलेल्या माउंटसारखं वाटतं.

एवढं झालं की माउंटची परीक्षा. बॉनेट उघडा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना अडण्या लावा. जाणता माणूस आत बसवा आणि त्याला ब्रेक पूर्ण दाबून धरायला सांगा. तुम्ही बाजूला उभे राहा. गाडीच्या पुढे किंवा मागे कोणीही उभं राहायचं नाही, यात सूट नाही. आतल्या माणसानं डी टाकून अगदी हलकी रेस द्यायची, दोन-तीन सेकंदांच्या वर नाही, नाहीतर गिअरबॉक्सचं तेल तापतं. मग तेच आर मध्ये. निरोगी इंजिन थोडं कलतं आणि थांबतं. गेलेल्या माउंटवर ते उचलल्यासारखं होतं आणि परत येताना आदळतं. कोणत्या बाजूला जास्त उचलतं तिकडे लक्ष ठेवा. फोनवर हळू वेगाचं चित्रीकरण करून ठेवलंत तर नंतर शांतपणे बघता येतं, आणि नवीन माउंट बसवल्यावर तुलनेलाही उपयोगी पडतं.

मग इंजिन बंद करून, गार झाल्यावर, टॉर्च घेऊन प्रत्येक माउंट बघा. रबरावर बारीक केसासारख्या रेषा दिसल्या की पुष्कळ जण घाबरतात. नऊ वर्षांच्या रबरावर त्या असणारच, आणि वरवरच्या असतील तर त्याचा अर्थ फारसा नाही. बघायचं आहे ते वेगळं: रबर धातूपासून सुटलंय का, चीर आरपार गेलीये का, धातूला धातू घासून चकचकीत खूण पडलीये का, माउंटचा मधला भाग त्याच्या चौकटीत खाली बसलाय का. आत द्रव भरलेलं माउंट असेल तर खालून ओघळलेला काळपट, चिकट डाग दिसतो. असं माउंट गेलंच समजा. त्याचं रबर वरून कितीही चांगलं दिसलं तरी आतला द्रव गेला की ते खड्ड्यांतला हेलकावा शोषू शकत नाही.

नुसत्या नजरेवर विसंबू नका. पुष्कळ माउंट वजनाखाली दाबलेली असताना अखंड दिसतात. चेंबरखाली (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्याखाली) रुंद लाकडी फळी ठेवून जॅकनं इंजिन अगदी थोडं, काही मिलिमीटर, उचला आणि माउंटकडे बघत राहा. रबर धातूपासून सुटलं असेल तर तिथे फट उघडताना दिसेल. खालच्या टॉर्क रॉडला टॉमीनं (लोखंडी पहारीनं) हलका रेटा द्या. बुशमध्ये थोडी लवचीक हालचाल असायलाच हवी, पण दांडा खुळखुळत असेल किंवा मधली नळी एका बाजूला चिकटली असेल तर तो गेला.

याच वेळी आणखी एक बघा. माउंटवर तेल सांडलंय का? टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणाच्या) पॅकिंगमधून गळणारं तेल बहुतेकदा टायमिंगच्या बाजूच्या माउंटवरच येतं. या रबरात बहुधा नैसर्गिक रबर असतं, कारण सतत हलत राहण्याची त्याची ताकद मोठी असते. मात्र खनिज तेल त्याला फुगवतं आणि मऊ करतं. गळती तशीच ठेवून नवीन माउंट बसवलंत तर तेही लवकर जाईल. आधी पॅकिंग, मग माउंट.

आता घरी काय जमेल ते. टॉर्क रॉड जमेल, आणि सुरुवात त्याच्यापासूनच करा. दोन-तीन बोल्ट असतात, तो वजन पेलत नाही, त्यामुळे इंजिनाला आधार न देताही तो काढता येतो. गिअरबॉक्सच्या डोक्यावरचं माउंट बहुतेक गाड्यांत वरूनच दिसतं. बॅटरी, तिचा ट्रे आणि एअर फिल्टरचा डबा काढला की जागा होते, खालून आधार मात्र हवाच. टायमिंगच्या बाजूचं माउंटही जमण्यासारखं आहे. फक्त आधी हे तपासा: काही इंजिनांत त्याचं ब्रॅकेट टायमिंग बेल्टच्या वळशातून जातं, आणि पूर्ण ब्रॅकेट काढायला बेल्ट काढावा लागतो. तुमच्या गाडीत तसं असेल आणि बेल्ट बदलायची वेळ जवळ आली असेल तर दोन्ही कामं एकत्र, गॅरेजमध्ये करून घ्या. बेल्ट काढताना माउंट तसंही सोडावंच लागतं.

मागचं माउंट स्टिअरिंग रॅक आणि सबफ्रेमच्या मध्ये दडलेलं असेल आणि सबफ्रेम खाली घेतल्याशिवाय निघत नसेल, तर ते घरी करू नका. सबफ्रेम हलली की चाकांची अलाइनमेंट हलते, आणि ते सगळं जॅक आणि घोडीवर (उचललेली गाडी पेलणाऱ्या स्टँडवर) तोलत बसणं एकट्या माणसाचं काम नाही. ज्या माउंटला व्हॅक्यूमची नळी किंवा वायरचा सॉकेट जोडलेला आहे, त्याच्या बाबतीत आधी ती नळी फाटलीये का आणि सॉकेट नीट बसलाय का ते पाहा. असं माउंट आयडलला मऊ आणि वेगात कडक होतं. नळी निसटली तर माउंट शाबूत असूनही आयडलला थरथर येते.

सगळी माउंट एकदम बदलावीत का? यावर जाणत्यांमध्येही दोन मतं आहेत. एक माउंट पूर्ण तुटलं की त्याचा भार उरलेल्यांवर पडतो, म्हणून सगळी बदला, असं एक म्हणणं. त्यात तथ्य आहे. तरीही मी तपासून जी गेलेली दिसतात तीच बदलतो आणि बाकीच्यांची परीक्षा नवीन बसवल्यावर पुन्हा घेतो. याचं कारण असं की प्रत्येक माउंट सोडताना-बसवताना चूक व्हायची जागा निर्माण होते, आणि निरोगी मूळ माउंट काढून त्याजागी हलक्या दर्जाचं नवीन बसवणं हा तोट्याचा सौदा आहे. अपवाद एकच. टॉर्क रॉड बराच काळ तुटलेल्या अवस्थेत गाडी चाललेली असेल तर टायमिंगच्या बाजूच्या माउंटकडे कडक नजरेनं पाहा, तेही बहुतेक वेळा थकलेलं असतं.

सुटा भाग घेताना चासी नंबर देऊनच घ्या. एकाच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेल, मॅन्युअल आणि ऑटोमॅटिक गाड्यांची माउंट दिसायला सारखी आणि आतून वेगळी असू शकतात. भाग हातात आला की जुन्याशेजारी ठेवून तुलना करा: बोल्टची भोकं, उंची, मधल्या गाभ्याचा कोन, दिशादर्शक बाण असेल तर तो. मूळ माउंट द्रव भरलेलं असेल आणि त्याजागी भरीव रबराचं स्वस्त माउंट मिळत असेल तर ते बसेल, चालेलही, पण थरथर जाणार नाही. पॉलियुरेथेनची कडक माउंट शर्यतीच्या गाडीत ठीक आहेत. तिथे इंजिन जागचं हलू नये हे महत्त्वाचं आणि आतल्या माणसाचा आराम दुय्यम. तुम्हाला थरथर घालवायची आहे, तेव्हा त्यांच्या वाटेला जाऊ नका. बोल्टही पाहा. काही बोल्ट ठरावीक टॉर्कनंतर आणखी काही अंश फिरवून ताणायचे असतात, ते पुन्हा वापरायचे नसतात. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये तसं म्हटलं असेल तर नवीन घ्या.

साधनांत तुमच्याकडे जॅक आणि गोट्या आहेत. त्यात भर हवी ती घोड्यांची जोडी, टॉर्क रेंच, लांब दांडा, एक्स्टेन्शन आणि रुंद, जाड, टणक लाकडाची फळी यांची. गाडी उचलली की वजन घोड्यांवर द्यायचं. जॅकवर उचललेल्या गाडीखाली शरीराचा कोणताही भाग जाता कामा नये. हायड्रॉलिक जॅकचं सील कधी दगा देईल हे बाहेरून कळत नाही. इंजिनाला आधार देणारा जॅक वेगळा आणि गाडी पेलणाऱ्या घोड्या वेगळ्या. म्हणजे एकच जॅक असेल तर आधी त्यानं गाडी घोड्यांवर चढवा, मग तोच इंजिनाखाली आणा. दोन्ही फेंडरच्या कडांवर टेकून इंजिनाला वरून साखळीनं धरणारा सपोर्ट बार कुठून भाड्यानं किंवा उसना मिळाला तर फारच उत्तम. खालची जागा मोकळी राहते आणि उंची मिलिमीटरच्या हिशोबात कमी-जास्त करता येते.

चेंबरखाली जॅक लावताना जपा. पत्र्याचं चेंबर मधोमध दाबलं तर आत वाकून तेल ओढणाऱ्या जाळीला टेकू शकतं, आणि मग तेलाचा दाब जातो. अ‍ॅल्युमिनियमचं चेंबर तडकू शकतं. काही गाड्यांचं चेंबर प्लास्टिकचं असतं, त्याला जॅक लावायचाच नाही. फळी अशी ठेवा की वजन चेंबरच्या कडांवर पसरेल आणि ड्रेन बोल्ट मोकळा राहील. गिअरबॉक्सच्या बाजूचं माउंट काढायचं असेल तर आधार गिअरबॉक्सच्या ओतीव कवचाखाली द्या, ऑटोमॅटिकच्या पातळ तेल-तसराळ्याखाली नाही.

कामाआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. गाडी हायब्रिड किंवा बटण स्टार्टची असेल तर ती पूर्ण बंद करून चावी लांब ठेवा. हायब्रिडचं इंजिन आपणहून सुरू होऊ शकतं. सायलेन्सर गार होऊ द्या. जाम वाटणाऱ्या बोल्टांवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. ब्रॅकेटच्या कडांभोवती खडूनं किंवा रंगानं रेघ ओढा आणि फोटो काढा. भोकं लांबट असतील तर मूळ जागा नंतर त्या रेघेवरूनच सापडते.

टॉर्क रॉडचं काम सरळ आहे. पुढची बाजू घोड्यांवर, मागच्या चाकांना अडण्या, गिअर न्यूट्रलमध्ये. बॉडीकडचा बोल्ट आणि इंजिनाकडचा बोल्ट सैल करा, मग काढा. शेवटचा बोल्ट निघताना इंजिन थोडं झुलू शकतं, बोटं मधे ठेवू नका. नवीन रॉड घालताना भोक जुळत नसेल तर हातानं इंजिन पुढे-मागे ढकला, ते सहज हलतं. बोल्ट हातानं चार-पाच आटे आत गेल्याशिवाय पाना लावायचा नाही. गिअरबॉक्सचं कवच अ‍ॅल्युमिनियमचं असतं, एकदा आटे गेले की सुट्टीच्या दिवसाचं काम आठवडाभर लांबतं.

वजन पेलणाऱ्या माउंटमध्ये खरं कसब आहे, आणि ते मनगटाच्या ताकदीचं नाही. एका वेळी एकच माउंट सोडायचं. जॅक वर घेत जा आणि माउंटकडे बघा. दाबलेलं रबर जरासं सुटताना दिसलं की थांबा. आता मधला मोठा बोल्ट सैल करून हातानं ओढून बघा. आधार बरोबर असेल तर तो बोटांनी निघतो. अडकत असेल तर इंजिन थोडं वर किंवा थोडं खाली आहे. दाराची बिजागरी काढताना दार नेमकं पेललं की खिळा आपोआप सरकतो, नाहीतर हातोडीनंही हलत नाही, तसंच हे आहे. जॅक किंचित वर किंवा खाली घेऊन पुन्हा ओढा. हातोडीनं ठोकायचा मोह झाला की समजा आधार चुकीचा आहे. ठोकलेल्या बोल्टचे आटे जातात, आणि तो सुटल्यावर इंजिन झटक्यानं खाली येतं.

इंजिन वर-खाली करताना नजर रबरी नळ्या, एसीचा पाइप, वायरिंग आणि सायलेन्सरच्या लवचीक जोडावर ठेवा. माउंट बाहेर काढायला गरज असते ती दोन-तीन सेंटिमीटरची. त्याहून जास्त इंजिन खाली सोडलं तर नळ्या ताणतात आणि एक्सलचा आतला जॉइंट जागेवरून ओढला जाऊ शकतो. माउंटवर किंवा त्याच्या ब्रॅकेटवर विणलेल्या तारेची पट्टी जोडलेली असेल तर ती परत लावायला विसरू नका. ती इंजिनाची अर्थिंग आहे. ती राहिली तर स्टार्टर मंद फिरतो आणि तुम्ही भलतीकडेच दोष शोधत बसता.

नवीन माउंट जागेवर आलं की सगळे बोल्ट हातानं लावा, मग पान्यानं टेकेपर्यंत, आणि तिथेच थांबा. पूर्ण टॉर्क आत्ता द्यायचा नाही. याच टप्प्यावर घाई झालेली मी सर्वांत जास्त पाहिली आहे. रबर धातूला कायमचं चिकटवलेलं असतं. इंजिन जॅकवर कलतं असताना बोल्ट आवळला तर रबर त्या पिळलेल्या अवस्थेत पकडलं जातं. जॅक काढल्यावर इंजिन आपल्या जागी जाऊ पाहतं, रबर त्याला मागे ओढतं, आणि माउंट नवीन असूनही थरथर जुन्यासारखीच, कधीकधी जास्त. शिवाय पिळात राहिलेलं रबर वेळेआधी फाटतं. म्हणून जॅक हळूहळू सोडा, पूर्ण वजन माउंटवर येऊ द्या, इंजिन हातानं पुढे-मागे हलवून बसू द्या. मॅन्युअलमध्ये आवळण्याचा क्रम दिला असेल तर तोच पाळा. नसेल तर मी आधी वजन पेलणारी माउंट आवळतो आणि टॉर्क रॉड सर्वांत शेवटी, बुशमध्ये कोणताच पीळ नसताना. आकडे मॅन्युअलमधलेच घ्यायचे. माउंटचे बोल्ट गाडीगणिक साधारण ४० ते १३० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतात, आणि ही दरी इतकी मोठी आहे की अंदाजानं आवळणं म्हणजे एक बोल्ट तोडणं किंवा दुसरा सैल ठेवणं. आट्यांना तेल-ग्रीस लावू नका. घर्षण कमी झालं की तोच टॉर्क बोल्टला ठरल्यापेक्षा जास्त ताणतो. आवळून झालेल्या प्रत्येक बोल्टवर आणि शेजारच्या धातूवर रंगाची एक सलग रेघ ओढून ठेवा.

इंजिन सुरू करून डी आणि आर ची तीच परीक्षा घ्या, आधीच्या चित्रीकरणाशी ताडून बघा. ‘धक्’ गेला आणि थरथर उतरली तर झालं. ‘धक्’ गेला पण थरथर आहे, तर दुसरं माउंट काढायची घाई करू नका. इंजिन बंद करून टॉर्क रॉडचे आणि मग वजनाच्या माउंटचे बोल्ट एक-दोन फेरे सैल करा, जॅकनं किंचित आधार देऊन इंजिन हलवा, आधार काढा, पुन्हा आवळा. बऱ्याच गाड्यांत उरलेली थरथर याच उपायानं जाते, कारण दोष राहिलेल्या पिळाचा असतो. त्यानंही फरक पडला नाही तर सायलेन्सरकडे परत जा. माउंट बदलल्यावर इंजिनाची उंची थोडी बदलते, आणि आधी मोकळा असलेला पाइप आता कुठे टेकत असू शकतो.

पाचेकशे किलोमीटर झाल्यावर बॉनेट उघडून ओढलेल्या रंगाच्या रेघा तपासा. कुठे तुटलेली दिसली तर तो बोल्ट हलला आहे. नुसता टॉर्क देऊन सोडू नका. तो का हलला, भोक मोठं झालंय का, आटे धड आहेत का, हे आधी बघा. ताणायचा बोल्ट असेल तर त्याजागी नवीनच घाला.